जवळच्या मैत्रिणीला काय द्यावं? तिला परतफेड वाटता कामा नये, सुचवा की

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढला. माझी एक मैत्रीण आहे, खानापूरच्या शाळेत एका बाकावर होतो तेव्हापासूनची. तिच्या घरी कन्नड, आमच्याशी मराठी, आता शहापूरला असते. मागच्या पावसाळ्यात आईला बेळगावात ॲडमिट केलं होतं तेव्हा हिनं जे केलं ते सख्ख्या बहिणीनं केलं नसतं, रोज दोन वेळचा डबा, रात्री मला घरी पाठवून स्वतः आईजवळ बसायची, औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन पळायची, आणि एकदाही मी हे केलं असं तोंडातून काढलं नाही. आता तुळशीच्या लग्नानंतर तिच्या मुलीचं लग्न आहे. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नयेत" असं छापलंय. नवरीला मी काहीतरी देईनच, ते वेगळं. मला द्यायचंय ते हिला. बजेट पाच-सहा हजार. अंगठीचा विचार केला होता पण सोनं आता हाताबाहेर गेलंय, आणि सोनं दिलं की ती लगेच म्हणणार, आईच्या वेळचं फेडायलीस काय. ते तिला वाटता कामा नये. साड्या तिच्याकडं भरपूर आहेत. काय द्यावं आणि कसं द्यावं, दोन्ही सांगा.

शिवारातला
पाकीट द्या आणि मोकळ्या व्हा ताई. पैसा कुणाला नको असतो, त्यातनं त्यांना पाहिजे ते घेतील.

अनगोळची_वहिनी
पाकीट कशाला सुचवताय दादा, तीच तर अडचण आहे त्यांची. आमच्या सासऱ्यांची आहेराची वही अजून घरात आहे, लाल कापडी बांधणीची. गाव, नाव, रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात "परत केला" अशी खूण. भांडं आलं असेल तर "पितळी तांब्या १" असं. पत्रिका आली की सासूबाई आधी ती वही काढायला लावायच्या, त्यांनी आपल्याला किती घातला होता बघा, मग त्यात थोडी भर घालून आपला आहेर. यात वाईट काही नाही, पूर्वी लग्नाचा खर्च भावकीनं आणि गावानं मिळून उचलायची हीच पद्धत होती, ज्याच्या घरी कार्य त्याच्या हाताशी चार पैसे यायचे आणि पुढच्या वर्षी ते दुसऱ्याच्या घरी जायचे. पण त्या वहीत एकदा नाव चढलं की ते हिशेबातच राहतं. ताई, तुम्ही लग्नाच्या दिवशी अगदी साधी वस्तू दिलीत तरी तिच्या घरचं कुणीतरी नोंद करणारच, पत्रिकेवर काहीही छापलेलं असू दे. म्हणून माझं म्हणणं, कार्याच्या दिवशी तिला काही देऊच नका. महिन्याभरानं, काही निमित्त नसताना घरी जा आणि द्या.

मलप्रभाकाठ
वहिनी, हे अगदी पटलं. दिवस बदलला की अर्धं ओझं तिथंच उतरतं.

रानजाई
वहिनींना +१. मी काय करते ते सांगते. माझ्या फोनमध्ये एक नोट आहे, त्यात माणसाचं नाव आणि त्याच्या बोलण्यात सहज आलेली गोष्ट. जाऊबाई एकदा बोलून गेल्या की ओट्यापुढं उभं राहून टाच दुखते. लिहून ठेवलं, आणि दिवाळीला ओट्यापुढं टाकायचं जाड रबरी मॅट दिलं. त्या अजून आल्यागेल्याला दाखवतात. माणूस मला अमुक पाहिजे असं कधी सांगत नाही, पण कुरकुर करतो, चष्मा सापडत नाही, डबा गळतो, छत्रीची काडी तुटली, आणि त्या कुरकुरीतच सगळं असतं. दुकानात उभं राहून विचार केला तर तिथं फोटोफ्रेम आणि शोपीसच दिसणार, त्यात दुकानदाराची चूक नाही, त्याला तुमची मैत्रीण माहीत नाही. तुमची मैत्रीण कशाबद्दल कुरकुर करते ते आठवा बघू.

निपाणीचा_बापू
ताई, पायताण द्या. खरंच सांगतोय. अथणीचं कोल्हापुरी. लोकांस्नी वाटतंय कोल्हापुरी म्हंजे निस्तं कोल्हापूर, पर २०१९ ला जीआय, म्हंजे त्या भागातल्या मालाची सरकारी वळख, मिळाला त्यात आठ जिल्हे हाईत बगा, चार तिकडचे, कोल्हापूर सांगली सातारा सोलापूर, आन चार आपल्याकडचे, बेळगाव बागलकोट धारवाड विजापूर. अथणीत हे काम करणारी घरं पिढ्यान्पिढ्या हाईत. मापाची भीती असती म्हून कुणी देत न्हाई. त्याला युक्ती हाय, घरात तिचं जुनं पायताण पडलेलं असतंय की, ते पेपरावर ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवा आन तो कागद घेऊन सरळ कारागिराकडं जावा. नवं असताना चावतंय, म्हून पयले आठ-धा दिवस घरातच थोडा थोडा वेळ घालायचं, पट्ट्याला आतनं तेलाचं बोट फिरवायचं, आन पावसात न्हाई न्यायचं. हे सगळं कागदावर लिहून सोबत द्या, न्हाईतर लोक पयल्याच दिवशी बाजारला घालून जात्यात आन पायाला फोड आला की माळ्यावर टाकत्यात. माझ्या थोरल्या बहिणीला दिलेलं, अजून घालतीया.

कॅम्पातली_पोर
पण चप्पल भेट देऊ नये म्हणतात ना? आणि रुमाल पण. रुमाल दिला की भांडण होतं असं आजी सांगते.

निपाणीचा_बापू
घेणाऱ्यानं एक रुपाया द्यायचा, म्हंजे इकत घेतल्यासारखं होतंय. आमच्यात असंच करत्यात.

अनगोळची_वहिनी
आपण मानतो का नाही हा प्रश्न नसतो, घेणारा मानतो का ते बघायचं. काही घरांत सवाष्णीला काळं वस्त्र चालत नाही आणि संक्रांतीला मात्र हौसेनं घेतात. बाळाला बारशाच्या आधी काही आणलेलं काही घरांत आवडत नाही. ज्याच्या दारात जायचं त्याच्या घरची रीत आधी विचारून घ्यायची, यात कमीपणा काय आहे.

मागावरचा
साडीचा विषय निघाला म्हणून लिहायलोय. ताईंच्या मैत्रिणीकडं साड्या भरपूर आहेत हे वाचलं, पण बाकीच्यांना उपयोग होईल. आमचं घर वडगावचं, आजोबांचे माग होते, घरात सकाळी जाग यायची ती धोट्याच्या आवाजानं. तुम्ही कुणाला इरकल देणार असाल तर एवढं बघून घ्या. साडी उलगडायला सांगा आणि अंग संपून पदर सुरू होतो त्या रेषेवर बोट फिरवा. हातमागाच्या अस्सल इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा वेगळा असतो, अंग सुती असलं तरी पदर रेशमाचा, आणि त्या दोन ताण्यांचे धागे एकेक करून फासात फास अडकवून जोडलेले असतात. टोप टेणी म्हणतात त्याला. ती बारीक फासांची ओळ बोटाला लागते, उलट्या बाजूनं तर नीटच दिसते. मशीनवरच्या साडीत हा सांधा बहुतेक नसतोच, तिथं नुसता रंग बदललेला असतो. काठ बघा, गोमी, गायत्री, चिक्की अशी त्यांची नावं आहेत, दुकानदाराला नाव घेऊन विचारलं की तो पण जरा सावरून दाखवतो. मशीनची घेऊ नका असं मी म्हणत नाही, रोज नेसायला ती बरी पडते. पण हातमागाची म्हणून किंमत मोजत असाल तर तो सांधा बघूनच मोजा, आणि जिला द्याल तिला पण तो दाखवा. माझ्या आत्यानं तिच्या सुनेला साडी देताना तो सांधा दाखवला होता, ती सून आता प्रत्येक साडी अशीच तपासते.

मलप्रभाकाठ
मागावरचा, फार छान लिहिलंत. मी उद्याच कपाट उघडून बोट फिरवणार आहे.

सीमाभागी_मास्तर
धागा चांगला चाललाय पण वर शिवारातला यांच्या पाकिटाला सगळ्यांनी एकदमच बाजूला केलं ते काही मला बरोबर वाटलं नाही. ताईंच्या बाबतीत पाकीट नको हे खरं. पण ज्याच्या घरी आजारपण आहे, ज्याची नोकरी गेलीय, ज्या पोराला हुबळीला नाहीतर पुण्याला हॉस्टेलचे पैसे भरायचेत, त्याला तुम्ही शाल आणि श्रीफळ घेऊन गेलात तर तो हसून घेईल आणि रात्री जागाच राहील. तिथं रोख पैसा हीच सगळ्यात विचारपूर्वक भेट. फक्त देताना चारचौघांत देऊ नये आणि "लागले तर सांग" असं म्हणून थांबू नये. "लागले तर सांग" याला आपल्याकडं कुणी सांगत नाही, मानी माणूस तर नाहीच. गपचूप औषधवाल्याचं बिल भरून यावं, किंवा पोराच्या फीची पावतीच हातात द्यावी. आमच्या दहावीच्या बॅचनं एका मित्रासाठी असं केलं, त्याच्या बायकोला काय ते माहीत होतं, त्याला बऱ्याच दिवसांनी कळलं.

हिशेबनीस
मास्तर, बॅच मिळून मोठी रक्कम देणार असाल तर एक लक्षात ठेवा. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळून ५०,००० रुपयांच्या वर पैसे भेट म्हणून आले तर सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. आईवडील, भावंडं अशा जवळच्या नात्यांतल्या भेटीला हे लागू नाही, आणि स्वतःच्या लग्नात आलेल्या आहेराला पण नाही. म्हणून फी किंवा दवाखान्याचं बिल परस्पर भरायचं असलं तरी आधी सीएला एकदा विचारून घ्या.

सीमाभागी_मास्तर
धन्यवाद, हे नीट समजलं.

शिवारातला
मास्तर, मला म्हणायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडलं.

फौजीची_बहीण
मी पण विचारू काय? भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत आहे, ट्रेनिंग इथंच बेळगावच्या सेंटरला झालं, आता लांब पोस्टिंग आहे. दिवाळीत सुट्टी नाही. भाऊबीजेला काय पाठवू? घरचं काहीतरी पोचावं असं वाटतंय पण किती दिवस लागतील सांगता येत नाही.

गोकाकची_घटप्रभा
ताई, करदंट पाठवा. आमच्या गावचं म्हणून नाही सांगत. डिंक, गूळ, सुकं खोबरं, खारीक, काजू-बदाम, यात पाणी आणि दूध काहीच नाही म्हणून ते टिकतं, पार्सल वाटेत रेंगाळलं तरी चिंता नाही. कुंदा पाठवू नका, तो दुधाचा, चार-पाच दिवसांच्या वर बाहेर भरवसा नाही. करदंट थंडीत घट्ट होतं पण खराब होत नाही, आणि थंडीतल्या ड्युटीवर डिंक-गूळ अंगाला पण चांगलं. वरून बटर पेपर, मग हवाबंद डबा, डब्यात हलणार नाही असं ठासून भरा.

माजी_सुभेदार
बाळ, पत्ता नीट लिही. त्याचा नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस, जे त्यानं दिलं असेल ते. जागेचं नाव लिहायचं नाही. खाजगी कुरिअर तिथवर जात नाही, पोस्टातूनच कर आणि सणाच्या बरंच आधी कर. आणि सांगू का, डबा एकट्याचा पाठवू नकोस. बराकीत पार्सल एकटा कुणी उघडत नाही, अख्खी सेक्शन भोवती बसते. दहाबारा जणांना पुरेल एवढं असू दे, म्हणजे त्याला पण वाटायला बरं वाटतं. सोबत हातानं लिहिलेलं पत्र घाल. फोनवर बोलणं होत असतं तरी पण पत्र घाल, ते पुन्हा पुन्हा वाचता येतं. गावातलं लिही, कुणाच्या शिवारात काय लावलंय, म्हैस व्याली काय, कुणाचं घर बांधून झालं.

फौजीची_बहीण
सुभेदार काका, डोळ्यात पाणी आलं. दोन डबे करते आणि आईला पण चार ओळी लिहायला लावते.

माळमारुती_मेलबर्न
मी उलट्या बाजूचा. आईवडील बेळगावात माळमारुतीला, दोघं पंचाहत्तरीच्या पुढं, मी इथं मेलबर्नला. आई कुंदा घेऊन जा म्हणून मागं लागते पण इथं ऑस्ट्रेलियात आपली दुधाची मिठाई आत आणू देत नाहीत, विमानतळावरच टाकून द्यावी लागते. ते असो. मला विचारायचंय, इतक्या लांबून त्यांना काय द्यावं? ऑनलाइन सगळं पोचतं पण पोचलेलं वापरलं जात नाही. आई खोकं सुद्धा फोडत नाही, तू आलास की उघडू म्हणते.

रानजाई
दादा, खोकं पाठवू नका, माणूस पाठवा. माझ्या सासूबाईंना बाथरूममध्ये आधाराला धरायचा दांडा दिला, पण दिला म्हणजे काय, प्लंबरला तारीख देऊन, त्यांच्या हाताच्या उंचीला माप घेऊन, भिंतीत बसवून दिला. नुसता दांडा पार्सलनं आला असता तर पलंगाखाली राहिला असता. म्हाताऱ्या माणसांना वस्तूपेक्षा वस्तू चालू करून देणारा हवा असतो. इथला एखादा भाचा-पुतण्या बघा, त्याला सांगा की तू जा, बसव, दोनदा वापरून दाखव आणि चहा घेऊन ये.

वाचनवेडा_टिळकवाडी
बाबांना वाचायची आवड असेल तर दिवाळी अंक. १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासूनचा हा आपला फराळच आहे. पण दहा अंकांचा गठ्ठा एकदम पाठवू नका, एवढे वाचून कधी होणार याचंच त्यांना टेन्शन येतं. गावातल्या वाचनालयाची वर्गणी भरा. इंदिरा संत ज्या गावात राहिल्या-लिहिल्या त्या गावात वाचणाऱ्यांची सोबत अजून मिळते, अंक बदलायला म्हणून ते घराबाहेर पडतील, चार ओळखीची माणसं भेटतील. डोळ्यांचा त्रास असेल तर मात्र आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या, तीच पहिली भेट.

माळमारुती_मेलबर्न
वाचनालय! बाबा पूर्वी रोज सायकलनं जायचे. भाच्याला आजच फोन करतो.

कॅम्पातली_पोर
आमच्या वयाच्या लोकांसाठी पण सांगा ना. मित्राची वास्तुशांत आहे, नवरा-बायको दोघं नोकरी करतात. ग्रुपमधे सगळे घड्याळ म्हणायलेत.

गोकाकची_घटप्रभा
घड्याळ नको, त्यांच्याकडं आधीच आली असतील. लहान मूल असेल तर गोकाकची लाकडी फळं-भाज्या द्या, रंगवलेली वांगी, मिरच्या, आंबे. पोरं भातुकलीत खेळतात आणि मोठी झाली की तीच फळं शोकेसमध्ये जातात.

मलप्रभाकाठ
आमच्या खानापूरची मातीची भांडी पण सुचवते. तिथली माती त्यासाठी नावाजलेली, कुंभारकामाची शिकवणी देणारी संस्थाच आहे तिथं. एक मोठा माठ नाहीतर आमटीचं मडकं. फक्त मडकं तसंच देऊ नका, रात्रभर पाण्यात बुडवून, दुसऱ्या दिवशी भाताची पेज उकळवून तयार करून द्या, नोकरी करणाऱ्यांना हे करायला वेळ नसतो आणि नवं मडकं तसंच गॅसवर ठेवलं की तडकतं. मग ते त्याच संध्याकाळी वापरात येतं.

शिवारातला
आणि सुगीनंतर असेल तर शिवारातला बेळगाव बासमती. पाच किलो. भात शिजला की शेजारी विचारायला येतात. आता लावणारे कमी झालेत, त्यामुळं ओळखीच्या शेतकऱ्याकडनंच घ्या, बाजारात त्या नावाखाली काहीही मिळतं.

अनगोळची_वहिनी
मलप्रभाताई, तुमचं काय ठरलं? रानजाईनं विचारलेलं कुरकुरीचं तुम्ही सांगितलंच नाहीत.

मलप्रभाकाठ
वहिनी, त्यावरच विचार करायलेय. ती स्वतःबद्दल फारशी कुरकुर करतच नाही हीच अडचण आहे. पण काल आठवलं. तिची आजी धारवाडची, कशिदा उत्तम काढायची, कसुतीचा. शाळेत असताना आम्हाला शिवणाचा तास होता तेव्हा आम्ही सगळ्या साखळी टाका घालत बसायचो आणि ही कापडावर काहीही न आखता, नुसते धागे मोजून गोपुर काढायची. बाई तिचं कापड वर्गभर फिरवायच्या. लग्नानंतर सासर मोठं, मग नोकरी, ते सगळं सुटलं. मुलीच्या लग्नाचं ब्लाऊज शिवायला टाकायला गेलो होतो तेव्हा तिथला मशीनचा कशिदा बघून म्हणाली, "हे उलट्या बाजूनं बघ, नुसता गुंता. आजी असती तर हातात सुद्धा धरलं नसतं." तेवढं एकच वाक्य. कसुतीचं सामान द्यावं काय? आणि अजून एक, मुलगी गेल्यावर घरात ती दोघंच. संध्याकाळ कशी जाणार म्हणून ती आतापासूनच गप्प गप्प असते.

रानजाई
ताई, कल्पना खूप गोड आहे पण जरा थांबा. तिला खरंच परत काढायचंय की नुसती आजीची आठवण येते? सामान दिलं आणि तिनं हातात घेतलं नाही तर ते कपाटात बसून तिला रोज टोचणार, मैत्रिणीनं एवढं दिलं आणि मी काहीच करत नाही म्हणून. म्हणजे परत ओझंच. तिच्या मुलीला विचारा, घरातल्या पोरींना आईचं सगळं माहीत असतं.

धारवाडची_सून
रानजाईंचं बरोबर आहे, विचारून घ्या. पण कसुतीबद्दल थोडं सांगते, मी सासूबाईंकडून शिकले. चार टाके असतात, गावंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गावंती आणि मुरगी या दोन्हींत टाका अशा हिशेबानं जाऊन परत फिरतो की सुलट आणि उलट बाजू अगदी सारखी दिसते, गाठ कुठंच मारायची नाही. म्हणून तुमची मैत्रीण उलट्या बाजूबद्दल बोलली. ज्याच्या हाताला हे एकदा बसलंय त्याचा हात विसरत नाही, पण डोळे साथ देत नाहीत. पन्नाशीनंतर सगळ्यात आधी धागे मोजणं जड जातं. बायका सोडून देतात त्या बहुतेक एवढ्याच कारणानं.

मलप्रभाकाठ
मुलीशी बोलले. काय सांगू तुम्हाला. ती म्हणाली, आईच्या ट्रंकेत एक अर्धवट कापड आहे, रथ काढायला घेतलेला, चाकं झालीत आणि वरचा भाग राहिलाय. दोन वर्षांपूर्वी बाहेर काढलं होतं, खिडकीशी बसून प्रयत्न केला, धागे दिसेनात म्हणून परत घडी घालून ठेवलं, कुणाला बोलली नाही. मुलगी म्हणाली, मावशी, तिला नवीन काही नको, तिला दिसायला पाहिजे.

धारवाडची_सून
झालं की मग! टेबलाला अडकवायचा भिंगाचा दिवा द्या. गोल भिंग आणि त्याच्या कडेनं एलईडी, मान लवचिक हवी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. हातात धरायचं भिंग अजिबात घेऊ नका, एका हातानं कशिदा होत नाही. उजेड पांढरा असावा, पिवळ्या उजेडात लाल आणि केशरी धाग्यात फरक कळत नाही. भिंगावर झाकण असलेला दिवा घ्या, दिवसा उन्हात उघडं भिंग राहिलं तर त्याखालचं कापड जळू शकतं. सोबत हात बसवायला म्हणून थोडं मॅटी कापड, म्हणजे चौकोनी घरांच्या विणीचं, ११ काउंटचं, १४ काउंटपेक्षा त्याची घरं मोठी असतात. त्यावर आधी चार दिवस हात चालला की ती आपणहून ट्रंकेतलं काढेल. बोथट टोकाच्या सुया आणि धाग्याच्या थोड्याच लड्या, खडेबाजारात आणि गणपत गल्लीत हे सगळं मिळतं. फार सामान देऊ नका.

मागावरचा
धाग्याचा रंग पक्का आहे का ते पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून बघा. पांढऱ्या कापडावर लाल उतरला तर सगळी मेहनत वाया.

मलप्रभाकाठ
ठरलं तर मग. लग्नाच्या दिवशी नवरीची ओटी भरायची, खण-नारळ, बास. आणि लग्नाच्या आठवड्यात मी सुट्टी टाकलीय, तिच्या घरी राहायला जाणार, रुखवत मांडणं, मांडे मोडू न देता कार्यालयापर्यंत पोचवणं आणि कोठीच्या किल्ल्या सांभाळणं, ही सगळी कामं माझ्याकडं घेतलीत. तिला आधी सांगितलं असतं तर नको म्हणाली असती, म्हणून मुलीशी ठरवलं. दिवा मात्र मार्गशीर्षात, पाहुणे-रावळे सगळे परतल्यावर. एकच विचारायचंय, देताना काय सांगू? ती पहिलं विचारणार की केवढ्याला.

माजी_सुभेदार
सांगायचं की तुझा रथ पुरा झालेला मला बघायचाय. खरं तेच आहे.

अनगोळची_वहिनी
तुम्ही निघताना ती तुमच्या हातात काहीतरी ठेवायला बघेल, रिकामं पाठवायचं नाही म्हणून. ते घ्या हं. लाडू दिले तर लाडू घ्या, ब्लाऊजपीस दिलं तर ते घ्या, नको नको करत बसू नका. आणि किमतीचा स्टिकर घरीच काढा, पण पावती फेकू नका, मुलीकडं देऊन ठेवा, एलईडी गेला तर वॉरंटीला लागेल.